कॅडबरी, कोकमतेल आणि उन्हाळा

महाड-पोलादपूरच्या बाजारात एखाद्या पोराने ‘चॉकलेट’ मागितले, की दुकानदार बरणी पुढे सरकवतो. बरणीत संत्र्याच्या गोळ्या असतात, कच्च्या कैरीच्या असतात, दुधाच्या टॉफ्या असतात. यांतल्या बहुतेकांत कोकोचा कणही नसतो. खरोखरीचे चॉकलेट हवे असेल, तर ‘कॅडबरी’ म्हणावे लागते. कुणी ‘कॅटबरी’ म्हणाले तरी चालते. दुकानदार मग फ्रिजमधून वडी काढून देतो आणि ती दुसऱ्याच कंपनीची निघाली, तरी देणारा आणि घेणारा दोघेही तिला कॅडबरीच म्हणतात. पदार्थाचे नाव गोळीला गेले आणि कंपनीचे नाव पदार्थाला मिळाले, असा हा अजब व्यवहार आहे.

भाषेत अशा गोष्टी उगाच घडत नाहीत. डालडा, झेरॉक्स, कोलगेट ही नावे सामान्यनामे झाली, कारण ती वस्तू त्या नावानेच पहिल्यांदा घरात आली. चॉकलेटच्या बाबतीत मात्र आणखी एक कारण आहे. ‘चॉकलेट’ हा शब्द आपल्या गावात पोहोचला तेव्हा त्यामागची वस्तू पोहोचू शकत नव्हती. ती वाटेत वितळत होती. शब्द आधी आला, वस्तू मागाहून आली. मधल्या काळात शब्दाने गोळीशी संसार थाटला. या लेखाचा विषय ती मागाहून आलेली वस्तू, म्हणजे डेअरी मिल्क नावाची दुधाच्या चॉकलेटची वडी, हा आहे. तिचा इतिहास कंपन्यांच्या नावांनी आणि जाहिरातींनी सांगण्याची पद्धत आहे. पण मला वाटते, तो स्निग्धाचा इतिहास आहे: वडीत कोणते तूप आहे, ते किती उन्हात टिकते, आणि त्या तुपाऐवजी दुसरे घातले तर नाव तेच ठेवता येते का. या प्रश्नांचा एक धागा आपल्या परसातल्या रातांब्यापर्यंत येतो.

गोळीचा जमाना

आधी गोळीचे पाहू. विलेपार्ल्यात १९२९ साली सुरू झालेल्या कारखान्याने पार्ले हे नाव घेतले आणि बिस्किटांच्या आधी संत्र्याच्या गोळ्या काढल्या. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये साखरेचा उद्योग उभारला. तिथे १९४२ पासून गोळ्या होऊ लागल्या. ‘रावळगाव’ हे गावाचे नाव आहे, हे पुष्कळांना ती गोळी खाऊन अर्धे आयुष्य गेल्यावर कळले. साखर आपली, कारखाना आपला आणि गोळी पैशा-दोन पैशांत मिळणारी. मुंबईच्या गिरणीतून किंवा गोदीतून सुट्टीवर येणारा माणूस घरच्या पोरांसाठी जो पुडा आणायचा, तो याच गोळ्यांचा.

या गोळीमागचे शास्त्र सोपे आहे. साखरेचा पाक दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास आटवला, की त्यातले जवळजवळ सगळे पाणी निघून जाते आणि थंड झाल्यावर तो काचेसारखा घट्ट होतो. अशी गोळी चाळीस अंशांच्या उन्हात सहज टिकते. तिचा वैरी वेगळा. हवेतले पाणी ती ओढून घेते आणि चिकट होते. म्हणून ती कागदात पिळून बांधायची आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायची. आपल्याकडे आषाढ-श्रावणात बरणीतल्या गोळ्यांचा गोळा होतो आणि दुकानदार तो सळीने फोडून काढतो, तो याच गुणामुळे.

चॉकलेटचे नेमके उलटे. त्यात पाणी नसतेच म्हटले तरी चालेल. ते साखरेच्या काचेवर उभे नसते, तर घट्ट तुपात रोवलेले असते. म्हणून गोळीचा वैरी पावसाळा, तर चॉकलेटचा वैरी उन्हाळा. महाड आणि पोलादपूर ही गावे कोकणात असली, तरी किनाऱ्यापासून आत, डोंगरांच्या कुशीत आहेत. खाडीचा वारा इथपर्यंत येता येता थकतो. मार्च उजाडला की दुपारी पारा पस्तिशी ओलांडतो आणि एप्रिल-मेमध्ये काही दिवस चाळिशी गाठतो. चॉकलेटला इतक्या उन्हाची गरजही नसते. ते त्याआधीच हात टेकते.

वडी कशी जन्मली

कोकोच्या बियांमध्ये जवळजवळ निम्मे वजन स्निग्धाचे असते. त्याला कोको बटर म्हणतात. नाव बटर असले, तरी त्याचा दुधाशी काही संबंध नाही. ते झाडाचे तूप आहे. युरोपात अडीचशे-तीनशे वर्षे कोको पेय म्हणून प्यायला जात होता आणि हे तूप पेयावर तरंगून त्रास देत असे. १८२८ साली नेदरलँड्समधील व्हान हाउटन यांनी कोको दाबून त्यातले तूप वेगळे करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यामुळे पेयासाठी हलकी कोको पूड मिळाली आणि हाताशी तूप उरले. या उरलेल्या तुपातून खाण्याचे चॉकलेट जन्मले. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८४७ मध्ये कोको आणि साखर यांत वितळवलेले कोको बटर जास्तीचे घालून मिश्रण साच्यात ओतले. आज आपण वडी म्हणतो ती तेव्हापासूनची.

तिच्यात दूध यायला आणखी पाव शतक लागले, कारण दूध म्हणजे सत्त्याऐंशी टक्के पाणी, आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे थोडे थेंब पडले तरी ते फाटल्यासारखे घट्ट होऊन बसते. स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी १८७५ च्या सुमारास आटवलेल्या दुधाच्या साह्याने ही गाठ सोडवली. रोडॉल्फ लिंट यांनी १८७९ मध्ये चॉकलेट तासन्‌तास घोटण्याचे यंत्र केले आणि जिभेला लागणारी कचकच गेली.

कॅडबरी या साऱ्यात उशिरा आलेले. जॉन कॅडबरी यांनी १८२४ साली बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर चहा, कॉफी आणि पिण्याचा कोको विकणारे दुकान काढले. ते क्वेकर पंथाचे. दारूऐवजी लोकांनी ही पेये घ्यावीत, असा त्यामागे विचार होता. १८७९ मध्ये त्यांच्या मुलांनी शहराबाहेर बोर्नव्हिल येथे कारखाना नेला. स्विस दुधाच्या चॉकलेटने इंग्रजी बाजार घेतला होता, त्याला उत्तर म्हणून १९०५ मध्ये डेअरी मिल्क निघाली. तिची खासियत एवढीच, की तोवरच्या दुधाच्या चॉकलेटपेक्षा तिच्यात दुधाचे प्रमाण अधिक होते. ताजे दूध साखरेबरोबर आटवायचे, त्यात कोकोचा गर मिसळायचा, सगळे कोरडे करून त्याचा चुरा करायचा आणि त्या चुऱ्यात पुन्हा कोको बटर घालून घोटायचे. आपल्या बासुंदी-खव्याची आणि कोकोची जणू सोयरीक. आटवताना साखर आणि दूध किंचित करपतात आणि त्या चवीला जी खमंग झाक येते, तीच डेअरी मिल्कची ओळख ठरली. दीड ग्लास दुधाची प्रसिद्ध जाहिरात १९२८ ची.

हे सगळे घडले ते थंड देशांत. त्या हवेत कोको बटरहून चांगले तूप शोधून सापडणार नाही. ते ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते. माणसाच्या तोंडात ३७ अंश. म्हणजे हातात कडक, दाताखाली कट्‌कन तुटणारी आणि जिभेवर ठेवताच पाझरणारी वडी, ही सगळी किमया या दोन-तीन अंशांच्या फरकावर उभी आहे. लंडनच्या खोलीत वीस अंश असताना ती किमया चालते. महाडच्या पेठेत दुपारी तीन वाजता हवाच तोंडाइतकी गरम असते. चॉकलेटने मग वितळायचे कुठे आणि कधी?

त्यात दुधाचे चॉकलेट अधिक नाजूक. दुधातले तूप कोको बटरमध्ये मिसळले, की दोन्ही मिळून आणखी लवकर मऊ पडतात. शिवाय कोको बटर गोठताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक होऊ शकतात आणि त्यांतला पाचवा प्रकारच वडीला चकाकी आणि खटका देतो. कारखान्यात मिश्रण ठराविक अंशांपर्यंत थंड आणि पुन्हा किंचित गरम करून हा प्रकार मिळवतात. एकदा दुकानात वितळून वडी पुन्हा आपसूक गोठली, की ही घडी मोडते आणि वर पांढुरका थर येतो. गिऱ्हाइकाला ती बुरशी वाटते. ती बुरशी नसते, वर आलेले तूपच असते. खाल्ले तर अपाय नाही. पण चव गेलेली असते आणि विश्वासही.

उष्ण हवेसाठी वडी करण्याचे प्रयत्न झाले, ते मुख्यतः सैन्यासाठी. अमेरिकी सैन्याने १९३७ मध्ये हर्शी कंपनीला सांगितले, की वडीचे वजन चार औंस असावे, ती उन्हात टिकावी, भरपूर ताकद द्यावी आणि चवीला उकडलेल्या बटाट्याहून थोडीच बरी असावी. चव चांगली असती तर सैनिकांनी ती अडचणीच्या वेळेसाठी न ठेवता आधीच संपवली असती! ओटचे पीठ घालून केलेली ती वडी टिकली. सैनिकांना मात्र ती मुळीच आवडली नाही. दुसरी युक्ती म्हणजे चॉकलेटवर साखरेचे कवच चढवणे. इंग्लंडमध्ये स्मार्टीज १९३७ मध्ये आणि अमेरिकेत एम अँड एम १९४१ मध्ये आले. आपल्या जेम्सच्या गोळ्या याच वंशातल्या.

ठाणे, इंदुरी आणि पेठेतला फ्रिज

कॅडबरीची भारतातील कंपनी मुंबईत १९ जुलै १९४८ रोजी नोंदली गेली. नाव होते कॅडबरी-फ्राय. वर सांगितलेली ब्रिस्टलची फ्राय कंपनी १९१९ मध्येच कॅडबरीत विलीन झाली होती. सुरुवातीला चॉकलेट परदेशातून आणायचे आणि इथे पुड्यांत भरून विकायचे, एवढेच काम होते. पुढे उत्पादन इथे सुरू झाले. ठाण्यात आणि पुण्याजवळ तळेगावच्या परिसरात इंदुरी येथे कारखाने उभे राहिले. ठाण्यातील चौकाला आजही कॅडबरी जंक्शन म्हणतात. रिक्षावाल्याला एवढे सांगितले की पुरते. इंदुरी तर इंद्रायणीकाठचे, देहूच्या वाटेवरचे गाव. महाराष्ट्रातल्या वडीचा पत्ता असा आपल्या ओळखीच्या मुलखातला आहे.

कोको मात्र इथला नव्हता. १९६५ पासून कंपनीने केरळात कोकोची लागवड करून दाखवली आणि नारळी-पोफळीच्या सावलीत हे झाड रुजले. १९८० च्या आसपास जागतिक भाव कोसळले तेव्हा शेतकरी अडचणीत आला. तेव्हा कर्नाटक-केरळातील सुपारी उत्पादकांची सहकारी संस्था कॅम्पको कोकोच्या खरेदीत उतरली आणि १९८६ मध्ये तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला. गुजरातेत अमूलने त्याआधीच, सत्तरच्या दशकात, दुधापासून चॉकलेटपर्यंत मजल मारली होती. पिकवणाऱ्याने पुढच्या पायरीवर पाय ठेवल्याची ही दोन उदाहरणे लक्षात ठेवावीत. शेवटी त्यांच्याकडे यायचे आहे.

भारतासाठी कंपनीने ज्या नव्या वस्तू काढल्या, त्यांकडे उन्हाच्या नजरेने पाहावे. १९६८ मध्ये जेम्स आले: साखरेच्या कवचातले चॉकलेट. १९६९ मध्ये फाइव्ह स्टार आली: आत कॅरॅमलचा चिवट गाभा, वर चॉकलेटचा पातळ थर. गाभा वितळत नाही, त्यामुळे वरचा थर मऊ पडला तरी वडीचा आकार बऱ्यापैकी शाबूत राहतो. १९७२ मध्ये एक्लेअर्स आले: बाहेर टॉफी, आत चॉकलेटचा टिपका. तिन्ही वस्तू काढताना कंपनीच्या मनात काय होते, याचा मी दावा करत नाही. पण तिन्हींत चॉकलेटला दुसऱ्या कशाचा तरी आधार आहे, आणि फ्रिज नसलेल्या दुकानात हाच आधार कामाला आला. पोलादपूरच्या वाड्या-वस्त्यांवर एक्लेअर्स आधी आणि डेअरी मिल्क मागाहून गेली, ती या क्रमामुळे. निखळ वडीला मात्र कुणाचा आधार नव्हता. ती तालुक्याच्या गावी एखाद्या मोठ्या दुकानात असायची आणि मुंबईहून आणायची तर रात्रीच्या एसटीने, तीही पावसाळ्यात नाहीतर थंडीत. तिची चांदी, म्हणजे आतला चंदेरी कागद, नखाने सपाट करून वहीत ठेवणारी पिढी आता पन्नाशी-साठीत आहे.

हे चित्र नव्वदच्या दशकापासून पालटले. दुकानदाराला कंपनीकडून काचेच्या दाराचा छोटा फ्रिज मिळू लागला. छोट्या, पाच-दहा रुपयांच्या वड्या आल्या. जाहिरातही वळली. चॉकलेट हा पोरांचा लाड, ही समजूत मोडण्यासाठी १९९४ मध्ये क्रिकेटच्या मैदानावर नाचत धावणारी तरुणी दूरदर्शनवर आली आणि दहा वर्षांनी तर चॉकलेट थेट मिठाईच्या जागी बसवले गेले. राखी, भाऊबीज, परीक्षेचा निकाल, सगळीकडे तांबूस-जांभळे खोके दिसू लागले. पण जाहिरात कितीही गोड असली, तरी ज्या वाडीत दुपारी चार तास वीज जाते, तिथल्या दुकानदाराने वडी ठेवायची की नाही, हे वीजच ठरवते.

२००३ ची दिवाळी

या पुरवठ्याच्या साखळीतला कच्चा दुवा महाराष्ट्रातच उघडा पडला. ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळी तीन आठवड्यांवर असताना, मुंबईत काही डेअरी मिल्कमध्ये अळ्या आढळल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने माल तपासायला घेतला. कंपनीचे म्हणणे होते, की कारखान्यात दोष नाही, दुकानातली साठवण नीट नव्हती. प्रशासनाचा प्रश्न होता, की साठवण कशीही असो, वेष्टन इतके सैल का, की त्यातून अळी आत शिरावी?

दोन्ही बाजू समजून घेण्यासाठी तेव्हाची वडी आठवावी. आत चंदेरी कागद, वर जांभळा कागद, आणि दोन्ही नुसते दुमडलेले. किराणा दुकानात तांदूळ, डाळ, रवा यांच्या पोत्यांशेजारी ती असे. साठवणीच्या धान्यात वाढणाऱ्या पतंगाच्या अळीला दुधाचे चॉकलेट वर्ज्य नाही. दुमडलेल्या कागदाची फट तिला पुरते. थंड देशासाठी आणि थंड दुकानासाठी आखलेले वेष्टन इथल्या दुकानात अपुरे होते, असा या प्रकरणाचा मथितार्थ. त्या दिवाळीत खप चांगलाच घसरला. कंपनीने दुकानदारांना साठवणीचे धडे देणारी ‘विश्वास’ नावाची मोहीम काढली. जानेवारी २००४ मध्ये चहूबाजूंनी बंद केलेले नवे वेष्टन आले आणि लोकांसमोर ग्वाही द्यायला अमिताभ बच्चन उभे राहिले. वहीत ठेवायची चांदी तेव्हापासून हळूहळू दिसेनाशी झाली.

मालकीही पुढे बदलली. २०१० मध्ये अमेरिकेच्या क्राफ्टने कॅडबरी विकत घेतली, २०१२ मध्ये क्राफ्टची वाटणी होऊन माँडेलीज ही कंपनी झाली आणि २०१४ मध्ये कॅडबरी इंडियाचे नाव माँडेलीज इंडिया झाले. आमच्या पेठेत कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही. तिथे कॅडबरी ही कॅडबरीच.

नाव कुणाचे, तूप कुणाचे

आता मूळ मुद्द्याकडे. कोको बटर महाग असते. ते कमी करून दुसरे स्निग्ध घातले, तर वडी स्वस्त पडते आणि योग्य स्निग्ध निवडले तर उन्हातही जास्त टिकते. मग तिला चॉकलेट म्हणावे का?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९३७ मध्ये डालडा आला तेव्हा तुपाच्या बाबतीत तो घराघरांत विचारला गेला. तुपात डालडा मिसळून विकणाऱ्याला पकडता यावे म्हणून सरकारने वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले. प्रयोगशाळेत तिळाच्या तेलाला लाल रंग येतो आणि भेसळ उघडी पडते. म्हणजे दुसरे स्निग्ध विका, पण त्याने स्वतःचे नाव लपवू नये, हा त्या नियमाचा आत्मा.

युरोपात चॉकलेटवरून असेच भांडण जवळजवळ तीस वर्षे चालले. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात शिरला तो आपली सवय घेऊन. ब्रिटिश चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय दुसरे वनस्पती स्निग्ध थोडे घालण्याची प्रथा होती. फ्रान्स, बेल्जियम अशा देशांना ते मंजूर नव्हते. असल्या वडीला चॉकलेट न म्हणता ‘व्हेजलेट’ म्हणावे, अशीही सूचना पुढे आली होती. शेवटी २००० साली तोडगा निघाला. दुसरे स्निग्ध तयार मालाच्या पाच टक्क्यांपर्यंत चालेल, कोकोचे किमान प्रमाण मात्र त्यासाठी घटवायचे नाही, आणि वेष्टनावर तसे स्पष्ट छापायचे. कोणती स्निग्धे चालतील, त्यांची यादीही दिली. त्यात सहाच नावे आहेत: बोर्निओतील इलिपे, पाम, साल, आफ्रिकेतील शिया, कोकम आणि आंब्याच्या कोयीतला गर.

या यादीतल्या तीन झाडांची घरे आपल्याकडे आहेत. साल मध्य भारतातले. कोकम आणि आंबा तर कोकणातल्या कुठल्याही परड्यात. ज्या रातांब्याची अमसुले करून आपण आमटीत टाकतो, त्याचे शास्त्रीय नाव, गार्सिनिया इंडिका, युरोपच्या चॉकलेटच्या कायद्यात छापलेले आहे.

भारतात २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीने चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय दुसरे वनस्पती स्निग्ध चालणार नाही, असेच म्हटले होते. पुढे ती तरतूद सैल झाली आणि युरोपप्रमाणे पाच टक्क्यांची मर्यादा आली. तेही कोको बटरखेरीज वनस्पती स्निग्ध असल्याचे वेष्टनावर लिहिण्याच्या अटीवर. याहून जास्त स्निग्ध बदलले की त्या मालाला व्यापारात ‘कंपाउंड’ म्हणतात. घरगुती चॉकलेट म्हणून पर्यटनाच्या गावी जे रंगीबेरंगी तुकडे विकले जातात, केकवर जो थर असतो, त्यांत पुष्कळदा हे कंपाउंड असते. ते विष नव्हे. वितळायला अवघड आणि वापरायला सोपे असते. पण त्यात बहुधा पाम किंवा पामच्या बीचे प्रक्रिया केलेले तेल असते, आणि खाणाऱ्याला ते माहीत असण्याचा हक्क आहे. तो हक्क बजावता येतो याचा दाखला न्यूझीलंडने दिला. २००९ मध्ये तिथल्या डेअरी मिल्कमध्ये कोको बटरचा काही भाग काढून पाम तेल घातले गेले. लोकांनी वेष्टन वाचले, ओरड केली आणि काही महिन्यांतच कंपनीने जुनी कृती परत आणली.

वेष्टन वाचायची सवय लागली, की आणखी ओळखी निघतात. चॉकलेटवर ४७६ असा आकडा बरेचदा दिसतो. तो पदार्थ मिश्रण पातळ वाहावे म्हणून घालतात आणि तो एरंडेलापासून बनतो. आजीने नाक दाबून पाजलेले एरंडेल अशा वेशात परत भेटते.

मुठेल

कोकमाच्या बीचे तेल आपल्याला नवे नाही. रातांबे फोडून साली अमसुलासाठी वाळत घातल्या, की गराबरोबर बिया उरतात. त्या धुऊन वाळवायच्या, वरचे टरफल काढायचे, आतला गर उखळात कांडायचा आणि पाण्यात उकळायचा. तेल वर तरंगते, थंड झाले की गोठते. ते मुठीत दाबून त्याचे मुटके करतात म्हणून ते मुठेल. कुठे कोकमतेल, कुठे भिरंडेल म्हणतात. बियांच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा तेल निघते. टाचांच्या भेगांना, ओठ फुटले तर ओठांना, भाजल्यावर, आणि पोट बिघडले तर गरम भातात किंवा पेजेत, असे त्याचे उपयोग घरोघर ठाऊक होते.

हे तेल महाडच्या उन्हाळ्यातही घट्ट राहते, हे कुणाही घरात फळीवर पाहायला मिळे. त्याचे कारण आता कळते. ते चाळीस अंशांच्या आसपास वितळते, कोको बटरपेक्षा पाच-सहा अंश वर. त्याची घडण कोको बटरच्या जवळची, पण त्यात स्टिअरिक आम्ल जास्त. म्हणून दोन्ही एकमेकांत नीट मिसळतात आणि मिश्रण अधिक कडक होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी चॉकलेटमध्ये पाच टक्के कोकमतेल घालून पाहिले आणि वडीचा कडकपणा वाढल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध केले. फार घातले तर मात्र वडी तोंडात न वितळता मेणासारखी चिकटेल. कारण तोंड ३७ अंशांचे आहे आणि कोकमतेलाला त्याहून जास्त लागतात. पाच टक्क्यांच्या मर्यादेत म्हणूनच कायद्याबरोबर जिभेचाही न्याय आहे.

यात आपल्या भागाचे काय? आज मे महिन्यात रातांबे फोडणाऱ्या बाईच्या दृष्टीने साल म्हणजे माल आणि बी म्हणजे कचरा, किंवा फार तर व्यापारी येईल तेव्हा तो देईल त्या भावाने द्यायची वस्तू. मुठेल करणे कष्टाचे. टाचांना लावायला दुकानात डबी मिळते. त्यामुळे कृती जाणणाऱ्या बायका दरवर्षी कमी होत आहेत. त्याच वेळी तेच तेल ‘कोकम बटर’ या नावाने सौंदर्यप्रसाधनांत मानाने मिरवते आणि चॉकलेटच्या कायद्यात त्याची जागा राखलेली आहे. बी पिकवणारा आणि बीचे मोल जाणणारा यांच्यामध्ये माहितीची एक दरी आहे, आणि त्या दरीचा नफा कुणी तरी तिसरा घेतो.

कोकमतेलाने पोलादपूर श्रीमंत होईल, असे मी म्हणणार नाही. पाच टक्के ही लहान जागा आहे आणि तीत पाम-शियासारखी मुबलक स्निग्धे आधीच बसली आहेत. पण कॅम्पकोने सुपारीवाल्यांना आणि अमूलने दूधवाल्यांना वडीपर्यंत नेले, ते पहिल्या दिवशी कारखाना बांधून नव्हे. आधी माल एका जागी, एका दर्जाचा आणि एका भावाने गोळा करायची घडी त्यांनी बसवली. बचत गटांना बिया वाळवून, टरफल काढून, गाळून एकत्र विकणे जमण्यासारखे आहे. निदान बी फेकायची नाही आणि तिचा भाव विचारल्यावाचून ती द्यायची नाही, एवढे तर या उन्हाळ्यापासून जमेल.

दुसरे काम आपल्या सगळ्यांचे आहे आणि त्याला उन्हाळ्याची वाट पाहायला नको. या दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी चॉकलेटचे खोके येईलच. ते उलटे करून बारीक अक्षरे वाचावीत. कोको बटर लिहिले आहे का, दुसरे स्निग्ध असेल तर ते कबूल केले आहे का, हे पाहावे. पोरांनाही दाखवावे. बरणीतल्या गोळीला ती चॉकलेट म्हणतील आणि वडीला कॅडबरी. त्याला हरकत नाही, भाषा आपल्या सोयीने चालते. आत काय आहे, एवढे मात्र त्यांना वाचता आले पाहिजे.